झोपेतला मार

मुलुंड,
१२ नोव्हेंबर १९५६

प्रिय कुंदाताई,

बोरीवलीचं दादाचं घर सोडून मी ह्यांच्याकडे परत आले, हे तुला कळलंच असेल. दादा रागावलाय. तू मात्र आधी हे शेवटपर्यंत वाच.

चार वर्षांपूर्वी कपाळाला टेंगूळ घेऊन मी तुझ्याकडे घाटकोपरला आले होते. तुला एकटीला सांगितलं, की हे झोपेत ओरडतात, हात झाडतात, मला लागतं, आणि ह्यांना त्याचा पत्ताही नसतो. कुणाला सांगणार नाही म्हणालीस. आठवड्यात दादा मुलुंडला हजर. बायकोला मारतोस म्हणून सगळ्या चाळीदेखत ह्यांना नको ते बोलला आणि मला घेऊन गेला. 'झोपेत' हा शब्द कुणी ऐकूनच घेतला नाही. पुढे पुढे मीही तो सांगायचं सोडलं. दिवसा ह्या माणसाने माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता गं.

नवरात्रात ह्यांच्या शेजारच्या जानकीबाईंचा निरोप आला म्हणून पाहायला आले. ह्यांचा उजवा हात मांडीवर ठेवल्या ठेवल्या थरथरत होता. चेहरा लाकडासारखा. कचेरीत ज्यांचं अक्षर वाखाणलं जायचं, त्यांची ओळ शेवटाला मुंगीएवढी होते. कंपवात. झोपेचं डॉक्टरांनी आपणहून विचारलं. म्हणाले, "पुस्तकात मी वाचलेलं नाही. पण माझ्या आणखी दोन रोग्यांच्या बायकांनी हेच सांगितलंय, आणि तेही हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून." दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, ताई. आपण त्याला ह्यांचा स्वभाव ठरवलं.

परवा ह्यांना विचारलं, स्वप्नात दिसायचं तरी काय. आता फार हळू बोलतात. म्हणाले, "कुणीतरी तुझ्या अंगावर धावून यायचं. मी त्याला मारायचो." मग म्हणाले, हे त्यांनी तेव्हाच घाटकोपरला येऊन तुला सांगितलं होतं, माझ्या कानावर घाल म्हणून विनवलं होतं.

चार भाऊबिजा आपण दोघी दादाला ओवाळायला शेजारी बसलो. तू अवाक्षर काढलं नाहीस. तुला ते खोटं वाटलं असेल. पण खरं-खोटं मी ठरवायचं होतं.

डॉक्टरांचं ह्यांना पटत नाही, दोष आपलाच असं धरून बसलेत. अजून मला आतून कडी लावायला सांगतात आणि स्वतः गॅलरीत झोपतात. म्हणून लिहितेय. रविवारी दादाला घेऊन ये, आणि हे तुला काय सांगून गेले होते ते दादाच्या आणि ह्यांच्या समोर बोल. ह्यांना अजून सगळं समजतं. नाही आलीस, तर पुन्हा येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
विमला