भोंगा वाजला आणि रस्ता ओस पडला

तीर्थरूप ताईस,

तुला साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कंबर धरली आहे. तेव्हा हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घे. (कंबर का धरली ते ओघाने येईल.) ‘अत्र कुशलम्’ लिहायची आपल्या घरची रीत आहे, आणि संस्कृतात खोटं लिहिलं तर पाप कमी लागतं असा माझा अनुभव आहे, म्हणून तेही लिहून टाकतो. तुझे गुडघे काय म्हणतात? सातव्या मजल्यावर वारा छान येतो असं भाचा कळवतो. सूनबाई तुला साधा चमचासुद्धा उचलू देत नाही हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. जन्मभर खानावळीत डाव हलवलास, आता बस पाय पसरून.

इकडची हकिगत अशी. गिरणी बंद पडल्यापासून आपल्या बाजाररस्त्याची कळा तू पाहिलीच आहेस. आता नगरपालिकेने कळवलं आहे की रस्ता नांदता दिसला नाही, तर दोन्ही बाजूंची दुकानं पाडून तिथे गोदामं बांधायची. (दोन्ही बाजूंमध्ये तुझी खानावळही आली.) तेव्हा गावाने समिती केली. शाळेत संस्कृत घेणारं कोणी उरलं नसल्यामुळे गावातला सर्वांत रिकामा माणूस म्हणून अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. बंद दुकानं मालकांच्या हातापाया पडून उघडवली आणि गिरणीतल्याच माणसांना दिली. मागावरचा तो लांबुडका आता सायकली दुरुस्त करतो. रंगखात्यातला मुकादम पाव भाजतो (ते कधीकधी निळसर निघतात, पण ही अफवाही असू शकेल). दारांना कोणता रंग द्यायचा यावर समितीत इतकं भांडण झालं की अखेर ज्याच्याकडे जो डबा उरला होता तो त्याने फासला. रस्त्याच्या तोंडाशी मी ‘उद्घाटितं द्वारम्’ असं ब्रीद सुचवलं. पाट्या रंगवणाऱ्याने विचारलं, “सर, म्हणजे काय?” म्हटलं, दार उघडं आहे. “मग तेच लिहितो की, रंग वाचेल.” तेच लिहिलं.

आता मूळ घोटाळा. पाहणीला साहेब येणार, तर रस्ता कसा गजबजलेला दिसला पाहिजे! मी म्हटलं, या गावाला जागं करायचं तर एकच उपाय, गिरणीचा भोंगा. सगळ्यांनी माना डोलावल्या. (अध्यक्षाच्या सूचनेला कोणी विरोध केला नाही की समजावं, काहीतरी चुकतंय.) गिरणीत जन्मभर भोंगा देणारे भोंगेकाका तर डोळे पुसायला लागले. गिरणीत आता वाफ कुठली, म्हणून टायरवाल्याचं हवेचं यंत्र गिरणीच्या गच्चीवर चढवलं, रखवालदाराने डोळेझाक केली, आणि सकाळी साहेबांची गाडी वळणावर दिसताच भोंगेकाकांनी भोंगा दिला. ताई, काय आवाज तो! कावळे उडाले, कुत्री रडली.

आणि रस्ता रिकामा झाला.

झाडून सगळी दुकानं उघडी, कणीक अर्धी मळलेली, सायकल उलटी टांगलेली, चाक अजून फिरतंय, आणि माणूस एक नाही. हातात फुलं घेऊन मी एकटा उभा. साहेब उतरले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “रस्ता छान केलात. माणसं कुठं आहेत?”

मी म्हटलं, “कामावर गेलीत.”

खरोखरच गेली होती! गिरणीच्या फाटकाशी जाऊन पाहतो तर अख्खं गाव रांगेने उभं. मुकादमाचे हात पिठाने कोपरापर्यंत पांढरे, लांबुडक्याच्या हातात पाना, निम्म्यांच्या हातात डबे, तेही रिकामे. गच्चीवरून भोंगेकाका ओरडत होते, “अरे फिरा मागं, गिरणी बंद आहे!” ही बातमी बिचाऱ्यांना दुसऱ्यांदा कळत होती. मग लांबुडका खाली मान घालून म्हणाला, “पाय निघाले, मी काय करू?” आणि सगळे एकदम हसले. मुकादम जरा उशिरा हसला.

मग पाळी सुटल्यासारखे सगळे परत फिरले, आणि पाय जिथे जिथे पूर्वी थांबत तिथे तिथे थांबत आले. कोणी न्हाव्याकडे डोकं दिलं, कोणी पाव घेतला (निळा नव्हता). पण बहुतेक सगळे कुठे थांबले असतील सांग. तुझ्या खानावळीपाशी. एकाने बाहेरच्या नळावर हात धुतले, तसे सगळ्यांनी धुतले, आणि कुलूप लावलेल्या दारासमोर रांगेत उभे राहिले. साहेबांनी विचारलं, “हे बंद का?” मी काहीतरी उत्तर दिलं, ते महत्त्वाचं नाही. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, मग ठरवू.

हे सगळं तुला इकडची ओढ लागावी म्हणून लिहिलं असं मुळीच समजू नकोस. तू विश्रांती घे. भाच्याला आशीर्वाद, सूनबाईला शाबासकी.

तुझा धाकटा,
(अध्यक्ष)

ता. क. खानावळीची किल्ली पाठवता आली तर पाहा. नुसती आत झाडलोट करायची आहे.

ता. क. २. किल्ली टपालात गहाळ होते म्हणतात. कोणाच्या तरी हाती आलेली बरी. तुझ्या हाती आली तर उत्तम.

ता. क. ३. साहेबांना मी दिलेलं उत्तर असं: “मालकीणबाई गावाला गेल्या आहेत, येतीलच इतक्यात.” ते पुढच्या खेपेला जेवायला थांबणार आहेत. हे वाक्य मराठीत बोललो, त्यामुळे पाप पूर्ण लागलं आहे.

ता. क. ४. किल्ली राहू दे. कुलूप त्याच दिवशी लांबुडक्याने तोडलं. तेव्हापासून स्वयंपाक मी करतो (कंबर आठवते ना? तुझं ते मोठं पातेलं). माणसं रोज येतात, मुकाट्याने जेवतात, हात धुऊन जातात. तुझ्या वेळी मीठ कमी म्हणून ओरडायचे, भात गार म्हणून भांडायचे, आणि तू डाव उगारायचीस. माझ्या हातचं खाऊन आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. ताई, इतकी दया मला सोसवत नाही. ये.