सखारामची नोंद

वालूर, गुरुवार, पौष, १९३९

आज सखारामचा निकाल लावला. पुण्याहून निघणाऱ्या एका चरित्रकोशाला आपल्या भागातली नावं सुचवायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला लढून आलेला वालुरात हा एकच. गोळीबारातून जखमींना पाठीवर घेऊन आला, त्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली. पदक मिळालं. पण एवढ्यानं कोशात जागा मिळावी का? इंग्रजांचा शिपाई म्हणून नको, असं आमच्या गावचे वकील म्हणतात. मला ते पटत नाही. उरलेल्या तीन बोटांनी तो तंबाखू-चुन्याची डबी उघडतो, ते मात्र सारखं डोळ्यांपुढे येतं. हे काही नोंदीचं कारण नव्हे.

शेवटी नाव घालायचं ठरवलं. संध्याकाळी तो बायकोला, गयाबाईला, घेऊन आला. मी म्हणालो, "नोंद लिहून पाठवतो. फक्त कोशात हयात माणसं घेत नाहीत. तुमच्या माघारी छापतील."

सखाराम खूश झाला. तीन बोटांनी डबी उघडून त्यानं तंबाखू पुढं केली.

गयाबाई मात्र उठून उभी राहिली. "मास्तर, हे लढाईत मेले म्हणून सरकारी कागद आला व्हता. वरीसभर मी पांढऱ्या कपाळानं काढलं. मग एक दिस हे दारात उभे. आता पुन्हा तसलं लिवू नका."

"आगं, मेल्यावरच छापणार हायेत," सखाराम म्हणाला.

"छापू द्या की. पर मी जित्ती हाय तवर लिवायचं न्हाई."

सखारामनं डबी मिटून खिशात टाकली. 

वालुरातून कोणी नाही, असं पुण्याला कळवून टाकलं.