गाठीची पातळ भिंत

बुधवार, विरार

सांडोरच्या इनासकाकांची गाय मेली, तिच्या हृदयाच्या स्नायूत परजीवीच्या बारीक गाठी निघाल्या. आज मायक्रोस्कोपखाली पाहिलं, गाठीची भिंत पातळ आहे. पातळ भिंतीची एक जात कुत्र्याच्या विष्ठेतून गाईत जाते, दुसरी माणसाच्या. नक्की कुठली, ते डीएनएवरूनच कळतं. आणि मी शवविच्छेदनाच्या सवयीने सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकले! त्यातून आता डीएनए निघत नाहीये. स्पिरिटमध्ये डीएनए टिकतो, आणि त्याची बाटली बॅगेतच होती. एक तुकडा त्यात टाकायला काय झालं होतं मला? गाय तर पुरलीसुद्धा.

संध्याकाळी काकांचा फोन आला. अशा गाठी कुत्र्यामुळे होतात, हे मी त्यांना शवविच्छेदनाच्या वेळीच सांगितलं होतं.

"मॅडम, आमच्या टायगरमुळेच झालं ना?"

"सांगता येत नाही, काका. कुत्र्याकडून आलं असेल, नाहीतर माणसाकडून."

"माणसाकडून कसं येईल?" ते हसले. "टायगरला सकाळीच टेम्पोत घालून लांब सोडून आलो. दुसरी गाय गाभण आहे, रिस्क कशाला?"

मग मला कशाला विचारलंत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी तरी काय पाहिलं होतं? पातळ भिंत, बस एवढंच.

स्पिरिटची बाटली अजून बॅगेतच आहे. सीलसुद्धा फोडलेलं नाही.