डाव्या कानाचे दोन काप

मी, चतुराबाई देवकते, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं समोर येऊन बसावं. अक्षर येत नाही, म्हणून शेजारची मनिषा लिहून घेते आहे. कोणाचा दबाव नाही.

१. राहतं घर नात सुकन्येला. तिनं लग्न केलं तरी, न केलं तरी.

२. सगळी मेंढरं आणि त्यांची खूण, म्हणजे डाव्या कानाला दोन काप, तिचा भाऊ लखन याला. खुणेचा घोळ झाला आहे, तो सांगते.

३. सुकन्या कॉलेजच्या संशोधन पत्रिकेची संपादक आहे. कोणत्या घराची कोणती खूण, हे लिहून घ्यायला तिचे सर आले होते. विचारलं, "दोन काप कोणाचे?" आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी हनुवटीनं भिंतीवरची त्यांची काठी दाखवली. काठीखाली दीर धर्मराज चहा पीत बसला होता. सरांनी त्याचं नाव लिहिलं आणि सुकन्येनं मला वाचून न दाखवता छापलं. गेल्या महिन्यात धर्मराजनं तो छापील कागद नाचवत लखनकडची तीन कोकरं नेली.

४. मी म्हटलं, "दुरुस्ती छाप."
"आजी, सर लई नाराज होतील. लोक म्हणतील, भावासाठी छापलं."
"मग छापशील तरच घर मिळंल, असं लिहू का?"
"आजी! छापायला काही घेतलं, तर संपादकाच्या खुर्चीत बसायचा मला हक्कच न्हाई."
पोरगी खरं बोलली. म्हणून घर बिनशर्त. पण सुकन्ये, खुर्ची सरांनी दिली म्हणून ती सरांची होत न्हाई. कावून घाबरतीस? भावाचा मामला आहे, तर तपासायला बाहेरचा माणूस बसव. त्यानं पाच घरी विचारावं, धर्मराजलाही विचारावं. चूक ठरली, तर त्याच पत्रिकेत, तेवढ्याच ठळक अक्षरात छाप. माझी हनुवटीही त्यात येऊ दे.

५. तपासणाऱ्यासाठी माझी जबानी, जन्मात पहिल्यांदा: ती खूण माझे मयत पती धुळाजी यांची. कोकरू मी धरायची, काप ते द्यायचे. मनिषा, हसू नको, लिही.

६. धर्मराजला माझी काळी घोंगडी. तोंड लपवायला पुरेल एवढी मोठी आहे.

हे सारं मला दोनदा वाचून दाखवलं. कलम तीनमध्ये मी आधी "कोकरं चोरली" असं सांगितलं होतं. पण छापील कागदावर धर्मराजचंच नाव होतं, आणि ते माझ्यामुळं. म्हणून खोडून "नेली" केलं. मनिषा नवा कागद घेत होती, मी घेऊ दिला नाही. खोडलेलं दिसू द्यावं. शेजारी माझा अंगठा आहे.

चतुराबाई धुळाजी देवकते, डाव्या हाताचा अंगठा

समक्ष साक्षीदार: बबनराव कोकरे (सही), चंद्रभागाबाई गडदे (अंगठा)

तलवाडा, ९ फेब्रुवारी २०२५