बोटभर छिद्राच्या परवानगीचा चौथा अर्ज

दिनांक : १६ जानेवारी २०२४

प्रति,
मा. वसाहत अधिकारी साहेब,
कर्मचारी निवासस्थाने (जुनी लाईन),
शहापूर, ता. जि. भंडारा.

अर्जदार : श्रीमती मनाली संघपाल सुखदेवे, कनिष्ठ लिपिक (आवक-जावक), निवासस्थान क्र. १४.

विषय : निवासस्थान क्र. १४ च्या मधल्या भिंतीत इंटरनेटची तार नेण्यासाठी बोटभर जाडीचे एक छिद्र पाडण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांवर आपल्या कार्यालयाकडून आलेला एक गवंडी व दोन पत्रे.

सहपत्रे : मुलाच्या सिकलसेल तपासणी अहवालाची प्रत, तसेच आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज सादर करते की,

१. मी आपल्या वसाहतीत सन २०१७ पासून राहते. घरात माझे पती संघपाल (वरठीच्या कारखान्यात फिटर), सासू पार्वताबाई आणि मुलगा अश्वजित, वय तेरा, असे आम्ही चौघे आहोत. निवासस्थानात दोन खोल्या आहेत. पुढची खोली कौलारू असून रस्त्याकडे उघडते. मागची खोली स्लॅबची आहे, पूर्वी ती कोठीची खोली होती आणि तिचे दार फक्त अंगणात उघडते. दोहोंच्या मध्ये दोन फूट जाडीची जुनी भिंत आहे. तिला दार नाही, खिडकी नाही, झरोका नाही. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायचे तर अंगणाला वळसा घालून जावे लागते. सासूबाईंना पुढून हाक मारली तर मागे ऐकू येत नाही, आणि त्यांनी मागून मारलेली हाक आम्हाला सोयीनुसार ऐकू येत नाही. ही भिंत कशी आहे एवढेच आपल्या ध्यानात यावे म्हणून हे लिहिले.

२. अश्वजितला सिकलसेल आहे. वाहक नव्हे, पूर्ण आजार. आम्हा दोघांच्या रक्तात तो निम्मा-निम्मा होता आणि लग्नाआधी कोणी तपासले नाही. आपल्या भागात या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही, तरी फायलीत असावे म्हणून नमूद करते. थंडी लागली की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हातापायांची हाडे आतून ठणकू लागतात. बघणाऱ्याला बाहेरून काहीच दिसत नाही. डॉक्टरांनी त्याला थंडीपासून जपायला सांगितले आहे, म्हणून तो मागच्या खोलीत राहतो. स्वयंपाक तिथेच होत असल्याने ती खोली उबदार असते. पुढच्या खोलीत कौलांच्या फटींतून वारा येतो आणि खिडकीची काच सन २०१८ पासून नाही. काचेबाबतचा माझा अर्ज आपल्याकडे वेगळा प्रलंबित आहे, तो या अर्जात मिसळत नाही. हीटर लावला की साऱ्या लाईनचा फ्यूज जातो, शिवाय हीटरलाही आपली परवानगी लागते, हे मला माहीत आहे.

३. सन २०२१ मध्ये कोरोनामुळे शाळा मोबाईलवरच भरत होती तेव्हा असे कळून आले की मागच्या खोलीत मोबाईलची रेंजच येत नाही. म्हणून घरी इंटरनेट घेतले. खांब रस्त्यावर असल्याने कंपनीच्या माणसाने राऊटर पुढच्या खोलीत बसवला. वायफाय सुरू झाले. माझा कॉम्प्युटर चालू लागला, सासूबाई मोबाईलवर झाडीपट्टीची नाटके बघू लागल्या आणि पतींनी कारखान्यातल्या सहकाऱ्याकडून घेतलेला जुना गेमचा कन्सोलही जोडला गेला. हे वायफाय रस्ता ओलांडून समोरच्या भय्याजींच्या खाटेपर्यंत पोचते, पण मधली भिंत ओलांडत नाही. राऊटर कपाटावर चढवून पाहिला. लहर वाढवणारे यंत्र आणून पाहिले. कौलांवरून तार फिरवून पाहिली, तर ती वानरांनी ओढून नेली आणि त्यांतले एक समोरच्या चिंचेवर बसून ती चावत होते. असे तीनदा झाल्यावर आम्ही हात टेकले.

४. त्या सुमारास पतींना धानाच्या पोत्यांमागे, जमिनीलगत, उंदरांनी पाडलेले एक छिद्र सापडले. ते आरपार होते. पतींनी त्यातून तार ओवली, मागच्या खोलीत दुसरा छोटा राऊटर लावला, टीव्ही आणि कन्सोल तिथे नेला, आणि काम झाले. दोन वर्षे काम होत राहिले. उंदरांची त्याबद्दल तक्रार आली नाही.

५. या दोन वर्षांत काय झाले तेही सांगणे भाग आहे, नाहीतर एका गेमसाठी बाईने एवढे कागद का काळे केले असे आपल्याला वाटेल. रुग्णालयात रक्त चढवताना अश्वजितच्या शेजारच्या खाटेवर हर्षा नावाची मुलगी होती. तिलाही हाच आजार. तिच्या घरच्यांचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले आणि आता ते पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात. तिच्याकडे भावाचा कॉम्प्युटर आहे. ती कॉम्प्युटरवर आणि हा कन्सोलवर, असे दोघे मिळून ट्रक चालवतात. माल भरायचा, घाट चढायचे, नद्या ओलांडायच्या, दूरच्या शहरात माल उतरवायचा. तिची गाडी पुढे आणि याची मागे. कानाला हेडफोन लावून वाटेत गप्पा चालतात. शाळेत अश्वजितला मैदानावर जाता येत नाही, पावसात भिजता येत नाही, सहलीला कोणी नेत नाही. दुखणे म्हणजे काय हे ज्याला सांगावे लागत नाही असे एकच माणूस त्याला भेटले आहे, आणि ते या तारेच्या पलीकडच्या टोकाला आहे. आई म्हणून मला जे जमले नाही ते त्या मुलीला जमते, हे मला थोडे लागते आणि त्याहून जास्त बरे वाटते.

६. गेल्या ऑगस्टमध्ये आपले परिपत्रक आले. निवासस्थानाच्या भिंतींत केलेले फेरफार रहिवाशांनी स्वतःहून कळवावेत, ते नियमित करून देण्यात येतील, न कळवल्यास निवासस्थान रिकामे करून घेण्यात येईल. अख्ख्या लाईनमध्ये कोणी काही कळवले नाही. भय्याजींनी तर भिंत पाडून मोरी बांधली आहे, असे मी ऐकले आहे, पाहिलेले नाही. मी मात्र अर्ज केला. माझ्या माहेरी-सासरी सरकारी खोली मिळालेली मी पहिली. ती उंदराच्या छिद्रापायी हातची जाऊ नये, आणि कोणी बोट दाखवायच्या आधी आपला कागद चोख असावा, एवढाच हेतू होता. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "उंदरानं कोनाले अर्ज देला होता? तू कायले देऊन राहिली?" त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. मी पदवीधर आहे.

७. अर्ज दिल्यावर आठवडा उलटायच्या आत आपले अभियंता साहेब आले. सहा वर्षांत ते प्रथमच आमच्या घरी आल्याने मी चहा ठेवला. त्यांनी छिद्र मोजले, फोटो काढला आणि छिद्र कोणी पाडले असे विचारले. मी खरे ते सांगितले. त्यांनी कागदावर "अज्ञात इसम" असे लिहिले. जाताना मी त्यांना काच दाखवली, गळणारी कौले दाखवली. तो आपला विषय नाही, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि त्याने दोन्ही बाजूंनी सिमेंट भरून छिद्र बुजवले. मी घरी नव्हते. सासूबाईंनी त्याला तार दाखवली तर तो म्हणाला, "बाई, मले बुजवाले सांगतलं. तार काढाले कोनी नाही सांगतलं." तार त्याने दोन्हीकडून छाटली. मधली दोन फूट तार आजही भिंतीच्या पोटात आहे. एवढ्या तत्परतेने झालेले हे या निवासस्थानातले पहिले दुरुस्तीचे काम होय.

८. नवीन छिद्रासाठी मी दुसरा अर्ज केला. त्यावर आपले पत्र आले की भिंतीचा नकाशा, जाडी आणि प्रस्तावित छिद्राचे छायाचित्र जोडावे. जे छिद्र अजून पाडलेले नाही त्याचे छायाचित्र कसे काढावे, हे दोन दिवस विचार करूनही सुचले नाही. शेवटी कोऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यावर पेनाने ठिपका दिला आणि तिसरा अर्ज केला. त्यावरील आपले पत्र असे : "सदर यंत्रणा बिनतारी असल्याचे अर्जदाराने स्वतःच नमूद केले आहे. सबब तारेकरिता छिद्राची आवश्यकता सिद्ध होत नाही." हे पत्र मी ऑफिसात वाचले आणि हसले. घरी येऊन पुन्हा वाचले तेव्हा हसू आले नाही. मीही रोज अशीच पत्रे जावकला लावते, महोदय. ती ज्यांच्या घरी पोचतात तिथे काय होते, याचा मी कधी विचार केला नव्हता.

९. बिनतारी असले तरी भिंतीपुढे काही चालत नाही, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे तार तुटल्यावर टीव्ही आणि कन्सोल पुन्हा पुढच्या खोलीत आणला, आणि अश्वजित संध्याकाळी तिथे येऊन बसू लागला. दिवाळीपर्यंत ठीक होते. मग थंडी पडली. मी खिडकीला पुठ्ठा लावला, त्याला दोन स्वेटर, कानटोपी आणि ब्लँकेट दिले, आणि पायाशी गरम पाण्याची बाटली ठेवली. बोटे मात्र झाकता येईनात, कारण बोटांनीच गाडी चालते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याचे दुखणे उठले. आधी बोटे सुजली, मग गुडघे, मग पाठ. पतींनी कारखान्यातून येऊन त्याला मोटारसायकलवर मधे बसवले, मी मागून धरले, आणि त्याच थंडीतून आम्ही त्याला रुग्णालयात नेले, कारण दुसरे वाहन मिळाले नाही. नवे वर्ष आम्हाला तिथेच लागले.

१०. तो आता घरी आहे आणि मागच्या खोलीत आहे. घरी आल्यावर मी त्याला म्हटले, साहेबांना पुन्हा अर्ज करते, छिद्राचे होऊन जाईल. तो म्हणाला, "राहू दे आई. मले आता त्या गेमचा कंटाळा आला." त्याला कंटाळा आलेला नाही. मला त्रास होऊ नये म्हणून तो खोटे बोलला आणि तोंड भिंतीकडे करून झोपला. मुलाने हट्ट केला असता तर मी त्याला रागावले असते आणि विसरून गेले असते. त्याने मागणेच सोडले, हे मला सहन होत नाही.

११. हर्षाला कळवावे म्हणून त्या संध्याकाळी मी पुढच्या खोलीत कन्सोल सुरू केला. तिची गाडी हमरस्त्याच्या कडेला उभी होती आणि दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत होते. अश्वजित दवाखान्यात गेला त्या दिवसापासून ती रोज सात वाजता येऊन तिथेच गाडी लावते आणि थांबते, असे तिने मला सांगितले. पुढे का गेली नाहीस असे विचारले, तर म्हणाली, "काकू, त्याले रस्ता मालूम नाही ना." मला ते यंत्र चालवता येत नाही. तरी त्या दिवसापासून रोज सात वाजता मी पुढच्या खोलीत ब्लँकेट गुंडाळून बसते आणि मुलाची गाडी तिच्या गाडीमागे चालवते. मी दोनदा पुलाच्या कठड्याला धडकले आहे. ती हसत नाही. "काकू, डावीकडे जाऊन राहिली गाडी, सांभाळा," असे म्हणते आणि माझ्यासाठी हळू चालते. काल तिने विचारले, "अश्वजित कधी येईल?" मी म्हटले, साहेबांची सही व्हायची आहे. ती म्हणाली, "किती दूर हायेत साहेब?" आपले कार्यालय आमच्या दारातून दिसते. हे मी तिला सांगितले नाही.

१२. वर विषयाच्या ओळीत मी परवानगी मागितली आहे. लिहायला बसले तेव्हा तीच मागायची होती. इथपर्यंत आल्यावर ती विनंती मी मागे घेत आहे. अर्ज पुन्हा नव्याने लिहीत नाही, त्यामुळे विषय तसाच राहील, त्याबद्दल क्षमस्व. येत्या रविवारी सकाळी माझे पती बुजवलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर नवीन छिद्र पाडतील. ते माझ्या सांगण्यावरून पाडत असल्याने अभिलेखात या वेळी "अज्ञात इसम" असे न लिहिता माझे पूर्ण नाव लिहावे. निवासस्थान रिकामे करण्याची नोटीस देण्याचा आपल्याला अधिकार आहे. ती माझ्या कार्यालयात आल्यास आवक नोंद मीच घेते, तेव्हा ती गहाळ होण्याची काळजी नसावी. खोली गेली तर दुसरी पाहू. एवढी वर्षे जी खोली जाऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून राहिले, तिच्याच थंडीत माझा मुलगा कण्हत होता, हे मला फार उशिरा कळले.

१३. आता एकच विनंती उरते, आणि ती तरी मान्य व्हावी. छिद्र बुजवण्यासाठी गवंडी पाठवायचा झाल्यास कृपया सकाळच्या वेळी पाठवावा. संध्याकाळी सातनंतर मुले गाडीवर असतील.

परवानगीची वाट पाहणे सोडलेली, तरीही आपली नम्र,

(सही)
मनाली संघपाल सुखदेवे
निवासस्थान क्र. १४, जुनी लाईन, शहापूर