सेजलच्या जानेवारीची तजवीज

।। श्री सातेरी प्रसन्न ।।

मी, सगुण शंभू पालयेकर, वय वर्षे शहात्तर, बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार तुये, तालुका पेडणे, गोवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही, कोणाच्या धाकानेही नाही, आणि दारू तर मी गणपतीच्या चवथीनंतर शिवलेली नाही. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो, पण तो फार वर्षे कापतो, त्याचा कोर्टात कोणी वेगळा अर्थ लावू नये. माझे शिक्षण मराठी चौथी. वाक्य वाकडे वाटले तर तसेच ठेवावे, सरळ करताना अर्थ बदलतो.

तुळशीच्या लग्नानंतर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. मग माझी सही कशाला घेतली, हे मी विचारले नाही, पण घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

मी मेलो तर मेलो. माझी भीती दुसरी आहे. माझी नात सेजल, म्हणजे मुलगा श्रीनाथ याची मुलगी, जानेवारीत काश्मीरला गुलमर्गला जाणार आहे. तिथे ती स्नोबोर्डचा कोर्स करणार. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचे, त्याला स्नोबोर्ड म्हणतात. कोर्स पास झाली की दुसऱ्यांना शिकवायचा दाखला मिळतो. आणि मी नेमका नोव्हेंबरात गेलो, तर घरात वर्षभर दुःख पाळतील आणि तिला म्हणतील, आजोबाला वर्ष झाले नाही आणि तू बर्फात खेळायला चाललीस? तसे होऊ नये यासाठी मुख्यतः हे लिहितो. घर आणि बाकीचे त्याच्या मागोमाग.

कलम पहिले, घर. आमच्या गोव्याच्या कायद्याने माझ्या मालमत्तेतले अर्धे मुलाचेच असते, ते मी काढून घेऊ शकत नाही आणि घेणारही नाही. श्रीनाथ नोकरीमुळे फोंड्याला राहतो, तिथे त्याचा फ्लॅट आहे. चवथीला तो आणि सूनबाई संजना येतात, गणपती पोचवला की दुसऱ्या सकाळी गाडीत बसतात. मी तक्रार करत नाही. उरलेले अर्धे, जे मला मनाप्रमाणे देता येते, ते सर्व सेजलला. वाटणी करताना रस्त्याकडची खोली आणि वरची माळी, म्हणजे कौलांखालचा माळा, तिच्याकडे जावी, कारण तिचा बोर्ड माळीवर असतो. तिला वाटले तर तिने घर विकावे, पण पावसाआधी कौले परतून घ्यावीत, नाहीतर गिऱ्हाईक भाव पाडते.

कलम दुसरे, बँकेतली ठेव. त्यातला माझ्या मर्जीचा भाग गुलमर्गसाठी आहे. लग्नासाठी नाही, हे श्रीनाथाने दोनदा वाचावे. प्रवास आम्ही दोघांनी मिळून ठरवलेला आहे: मोपाच्या विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर, पुढे टॅक्सी. बर्फ पडला की श्रीनगरचे विमान रद्द होते, म्हणून कोर्सच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा. मी दोन म्हणत होतो. बोर्डाची पिशवी लांब असते, तिची वर्दी विमान कंपनीला आधी द्यावी लागते. टॅक्सीच्या चाकांना साखळ्या बांधल्या आहेत ना, ते बसण्याआधी वाकून बघावे, ड्रायव्हर हसला तर हसू द्यावे. डोंगरावर तारेच्या पाळण्यातून गेल्यावर दोरी लावलेली असेल तिच्या पलीकडे जाऊ नये. कितीही छान बर्फ दिसला तरी जाऊ नये. हे मी रोज सांगतो, तेव्हा ती आतून "होय आजो, होय" म्हणते, पण त्या आवाजात ती दुसरेच काहीतरी करत असते. म्हणून कायद्याच्या कागदावर लिहिले.

कलम तिसरे, बोर्ड. सेजल मांद्र्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवते, म्हणून ती माझ्याकडे राहते. तिथे दर सीझनला येणाऱ्या एका रशियन बाईने तिला हिमाचलात नेले आणि हे वेड तिथे लागले. आता माळीवर आहे तो त्या बाईचा जुना बोर्ड. त्याच्या कडा पोलादी असतात, आणि आमच्या पावसात पोलाद काय टिकणार? म्हणून एका पावसाळ्यात मी त्याला चांगले खोबरेल चोळून ठेवले. कडांना लावले ते ठीक होते, पण मी खालच्या अंगालाही चोळले.

सेजल बघून म्हणाली, "आजो, ह्या काय केलंस? बोर्डाक फोडणी घालूची आसा?"

खाली मेण लावतात, तेल नाही, हे मला ठाऊक नव्हते. तिने इस्त्री फिरवून पुन्हा मेण बसवले. ती इस्त्री आता कपड्यांना चालत नाही, ती संजनाने नेऊ नये.

या सीझनला नवा बोर्ड घ्यायचा आहे. सबंध चवथ आमची त्यावर हुज्जत चालली. एक मऊ आहे, तो चुका पोटात घालतो. दुसरा ताठ. मी म्हणत होतो मऊ घे, कमी पडशील. ती म्हणाली, "सकाळचो बर्फ दगडासारखो घट्ट आसता. मऊ बोर्ड थंय थरथरता, कड धरना नाय." मी दोन दिवस मऊच म्हणत राहिलो. मग मला कारखान्यातली करवत आठवली. पाते लवचीक असले की बर्फाच्या लादीवर नुसती नाचायची. तेव्हा ताठच घ्यावा, उभा धरल्यावर हनुवटीच्या वर आणि नाकाच्या खाली येईल एवढा. मात्र हेल्मेट नवे कोरे घ्यावे. दुसऱ्याच्या डोक्यावरचे नको.

आणि बोर्डावर पाय अडकवायच्या बांधण्या लावताना उजवा पाय पुढे असे दुकानदाराला सांगावे. हे आम्ही पडवीत शोधून काढले. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "आजो, माका पाठसून ढकल. कधी ढकलतलंस ता सांगू नको." जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा. मी ढकलले. शेजारची कमलाक्षी कुंपणावरून ओरडली, "सगुणदा, चेडवाक ढकलतास कित्या? पडात मगो!" सेजलचा उजवा पडला. बहुतेकांचा डावा पडतो, उजव्याला त्यांच्यात गूफी म्हणतात. मला रात्रभर वाटत राहिले की यात काही खोट तर नसेल. नाही म्हणते.

कलम चौथे, हत्यारे. कारखाना बंद पडल्यावर मी घरी आणलेला बर्फाचा आकडा आणि करवत. करवत भंगारात घालावी. आकडा सेजलने बोर्ड टांगायला मागितला आहे, तो तिला द्यावा, पण टोक आधी घासून बोथट करावे, डोळ्याच्या उंचीवर लावू नये. आकडा हातात धरून मी जन्मभर लाद्या ओढल्या, तरी बर्फाबद्दल तिला सांगण्यासारखे माझ्याकडे काही निघाले नाही. माझा बर्फ माशांवर घालायचा होता. आभाळातून पडलेला बर्फ मी पाहिलेला नाही. ती व्हिडिओ पाठवते, त्यात बर्फ कापसासारखा उडतो आणि ती हसत असते, वाऱ्यामुळे हसण्याचा आवाज मात्र येत नाही.

कलम पाचवे. माझा भावकार, म्हणजे भाऊबंद, जयराम याने नारळ काढायला म्हणून माझी शिडी नेली आणि आणली नाही. विचारले की म्हणतो, "खंयची शिडी?" ती शिडी मी या मृत्युपत्राने जयरामाला देतो. आता तो ती उघड्यावर ठेवू शकतो.

कलम सहावे. कमलाक्षीला काही ठेवायची इच्छा होती. सेजल नसते तेव्हा ती कुंपणावरून माशाच्या निस्त्याची वाटी देते आणि "जेवलास मां?" विचारते. परंतु ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणाले. तिच्या जागी दुसरा साक्षीदार मिळाला असता तर तिला पाटा-वरवंटा दिला असता. गावात आता सही करायला रिकामे माणूस मिळत नाही. तुये औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा सागर गावडे एवढा एकच शिफ्टवरून आल्यावर येतो म्हणाला.

कलम सातवे, माझे दिवस. यावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे.

सुतक दहा दिवस पाळावे. बाराव्याला जेवण करावे, तेराव्या दिवशी सेजलने बोर्डाला मेण लावायला घ्यावे. वर्षाचे दुःख मी तिच्यापुरते माफ केले आहे. कोणी नावे ठेवली तर हा कागद दाखवावा.

पिंडाच्या वेळी कोणी काही कबूल करू नये. कारण सांगतो. माझी पत्नी विमला गेल्या वर्षी श्रावणात वारली. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले होते, खाली एकही उतरत नव्हता. ऊन चढले. भटजी म्हणाले, "माउलीची काहीतरी इच्छा राहिली आहे, सांगा कोणीतरी." मग सगळे अंदाज करू लागले. बांगड्या संजनाला देतो म्हणून सांगितले, तुळस बांधतो म्हणून सांगितले, काही नाही. शेवटी श्रीनाथ हात जोडून पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "आये, सेजलचा लगीन वर्षाच्या आत करतलंव!"

कावळा आला आणि शिवला.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. कमलाक्षी म्हणाली, "बघलास? जीव थंय अडाकलेलो." मी बघितले होते. पिंडाच्या मागे आंब्याखाली एक कुत्रा बसला होता. श्रीनाथ मोठ्याने बोलत पुढे झाला तेव्हा कुत्रा उठून गेला. पण रडणाऱ्या माणसांना कुत्र्याचे कसे सांगणार? आणि माझेच खरे असेल असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्या शब्दाने सेजलचा गेला जानेवारी खाल्ला. आजीला दिलेला शब्द म्हणून ती घरी राहिली, साडी नेसून बसली, मुलगे बघून गेले. डिचोलीहून एक आला, खाणीवर ट्रक असलेला. त्याच्या आईने विचारले, "लग्नाउपरांत बर्फात वचतली?" सेजल म्हणाली, "होय, तुमीय येयात." त्यांनी पोहे खाल्ले आणि गेले, फोन आला नाही. मला हसू आले, पण सेजल माळीवर जाऊन बराच वेळ उतरली नाही. आता वर्ष उलटले, लग्न झाले नाही, शब्दाची मुदत संपली. श्रीनाथ म्हणतो मुदत नसते. तो वाईट माणूस नाही. त्याला एकच मुलगी आहे आणि तो माझ्यावर गेला आहे, भित्रा.

विमलाला काय हवे होते ते मला कोणी विचारले नाही. हॉस्पिटलात शेवटी ती माझा हात धरून म्हणाली होती, "तुमी एकटे जेवू नकात." बस, एवढेच. लग्नाचे काही नव्हते.

कलम आठवे आणि शेवटचे. माझ्या पिंडालाही कावळा अडणार, हे मला आताच माहीत आहे. भटजी म्हणतील सांगा काय राहिले, आणि श्रीनाथ पुन्हा पुढे होईल. त्याला अंदाज करायला लागू नये म्हणून मी स्वतःच लिहून ठेवतो. हा कागद पाकिटात बंद करून, वर 'मी गेल्यास दहाव्याच्या आधी उघडावे' असे लिहून, पेडण्याला नोटरीकडे द्यायचा आहे. मी वाचलो तर पाकीट परत आणीन, सेजल जाईल, मी मोपावर तिला जा म्हणेन, आणि खालचे कोणाला कळायचे कारण नाही.

माझी इच्छा अशी आहे की सेजलने जाऊ नये. तिने इथेच राहावे. संध्याकाळी तिची स्कूटर अंगणात यावी, ओले केस घेऊन तिने आत यावे, वाळू घरभर करावी आणि मी ओरडावे. ती नसते तेव्हा मी टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही. भात एकट्यापुरता करता येत नाही, तो उरतो. ती पास झाली तर दर हिवाळ्यात जाणार, मग तिकडेच कोणी भेटेल, मग मी फोनमधला आजो. प्रत्येक वेळी तिकीट काढताना मला वाटले आहे की रद्द व्हावे, आणि प्रत्येक वेळी मीच तिला बोर्डाची पिशवी बांधून दिली आहे. मरणाच्या कागदावर खोटे लिहू नये. ही माझी इच्छा आहे, दुसरी कोणतीही नाही.

ती कोणी पुरी करू नये. पिंडाशी तसा शब्द श्रीनाथाने देऊ नये, आणि सेजलने तर मुळीच देऊ नये. कावळा येणार नाही, तर न येवो. त्याची वाट बघत लोकांना उन्हात ठेवू नका. भटजींना दर्भाचा कावळा करून शिववायला सांगा, अंघोळी करा आणि घरी जाऊन सगळे एकत्र जेवा. सेजलने तिकीट रद्द करू नये.

हे सर्व मी लिहून पुन्हा वाचले. मला समजले आणि मान्य आहे.

सही: सगुण शंभू पालयेकर

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले, आतला मजकूर वाचलेला नाही:
१. कमलाक्षी यशवंत नाईक, राहणार तुये
२. सागर नारायण गावडे, राहणार तुये

ठिकाण: तुये, पेडणे, गोवा
तारीख: १४ ऑक्टोबर २०२५