आठ घरांचा निरोप

आई, अखेर मी तुझा सूड उगवला. तू कधी उगव म्हणाली नव्हतीस. उलट कोपऱ्यावरच्या काकूंचं मी नुसतं नाव काढलं तरी डोळे वटारायचीस. पण मी उगवला, आणि चांगला तीन उन्हाळे पुरवून पुरवून उगवला. तू असतीस तर मला दारातच उभं करून फैलावर घेतलं असतंस, म्हणून तू नसतानाच हे उरकलं.

तुला तो वैशाख आठवत असेल. जळकोटकडचं गाव सोडून लातूरच्या या कॉलनीत येऊन आपल्याला वर्षही झालं नव्हतं. बाबा सकाळीच शाळेवर जायचे, मी सहावीत होते, आणि तू दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसायचीस. कुरडयांचे दिवस आले आणि तू एकदम खुललीस. आज या घरी, उद्या त्या घरी, ज्या घरी गहू भिजलाय तिथं सगळ्या बायका सकाळीच गच्चीवर हजर. तू गल्लीतल्या आठही घरी गेलीस. चीक हाटावा तर तुझ्याच हातानं, गाठ म्हणून धरायची नाही. घरी येऊन बाबांना सांगायचीस, "आता वळखी झाल्या बरं का. लई चांगल्या हायत समद्या." मग आपली पाळी आली. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तरी प्यायच्या पाण्यातलं तोडून तू तीन दिवस गव्हाचं पाणी बदललंस. आदल्या दिवशी घरोघरी निरोप द्यायचा ही इथली रीत. निरोप नसेल तर कुणी दुसऱ्याच्या गच्चीवर पाऊल ठेवत नसे. आपला निरोप काकूंकडे पोचला होता. "मी सांगते समद्यांना," असं त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी एकाही घरी सांगितलं नाही. स्वतःही आल्या नाहीत.

तू गच्चीवर बाज टाकतेस, तिच्यावर जुनं धोतर अंथरतेस, सतरंजी घालतेस, चहाचं आधण ठेवतेस. सोरे दोन. नऊ वाजतात, दहा वाजतात. चीक गार व्हायला लागतो, आणि गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग तू एकटीच दाबायला बसतेस. तळहाताला फोड येतात. अर्धा चीक तसाच थिजून जातो. बारा वाजता काकू जिन्यात डोकावतात आणि म्हणतात, "आगं माय, एकटीच करून राहिलीस?" मी त्यांना काहीतरी बोलले, काय ते लिहीत नाही. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "तोंड सांभाळ. त्यांच्या बी घरी कामं असतील." पण त्यानंतर तू कुणाच्या गच्चीवर गेली नाहीस. वीस वर्षं याच घरात राहिलीस आणि भाजीवाल्याशिवाय कुणाशी चार वाक्यं बोलली नाहीस. मला तो धपाटा कधी लागला नाही, तुझं ते गप्प बसणं लागलं.

आता ऐक. मध्यंतरी कॉलनीतल्या कुरडया बंदच पडल्या होत्या. देवणीचे, उदगीरचे, किनवटकडचे नवे लोक आले, प्रत्येकाची कवाडं बंद. मी मोबाईलवर बायकांचा गट काढला आणि पाळ्या पुन्हा सुरू केल्या. आज वीस घरं येतात. एकमेकींची बाळंतपणं, आजारपणं बघतात. गणपतीत मला शाल आणि नारळ दिला, म्हणे ताईंमुळे कॉलनीला घरपण आलं. लोकांना वाटतं मला माणसांची हौस आहे. मला हौस होती एका घराला वगळायची, आणि वगळायचं तर आधी बाकीच्या सगळ्यांना गोळा करावं लागतं. काकूंकडे साधा फोन, म्हणून त्या गटाबाहेरच. कुणी विचारलं की मी गोड आवाजात म्हणायचे, "त्यांचे गुडघे दुखतात, कशाला त्रास द्यायचा?" तीन वर्षं त्या कोपऱ्यावरच्या आपल्या गच्चीवरून आमचं हसणं ऐकत बसल्या. मला फार बरं वाटायचं, आई. खोटं कशाला सांगू?

यंदा त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. "उद्या माझ्याकडं चीक हाय. मला घरोघर फिरणं होत न्हाई. तू सांगशील का समद्यांना?" मी म्हणाले, "सांगते की, काकू." आणि कुणालाही सांगितलं नाही. देवानं ताटात वाढून दिलं, ते मी कशाला सोडू? सकाळपासून पडद्याआडून बघत होते. बारा वाजता पदर खोचून त्यांच्या जिन्यानं वर गेले आणि इतकी वर्षं घोकलेलं वाक्य म्हणाले, "एकट्याच करून राहिलात?" त्यांनी वर बघितलं. हातातला सोऱ्या खाली ठेवला. म्हणाल्या, "कुणीच आलं न्हाई गं. एवढ्या समद्यांना मी नकोशी कधी झाले, काय की." मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी सोऱ्या घेतला, उरलेला चीक दाबला, खाली आले.

तेव्हापासून झोप नीट नाही. कारण त्या वैशाखात आपला निरोप द्यायला तू मला पाठवलं होतंस. आठही घरी जा म्हणाली होतीस. मी बोलले की त्या घरांतल्या पोरी माझ्या गावाकडच्या "हाव-न्हाई"ला हसायच्या. पहिलंच घर काकूंचं. त्या "मी सांगते" म्हणाल्या आणि मी सुटले, सात घरं टाळून चिंचेखाली खेळत बसले. घरी आल्यावर तू विचारलंस, "समद्यांकडं गेलीस ना?" मी म्हणाले, "हाव." आठ घरांनी निरोप मिळूनही पाठ फिरवली, असं समजून तू गेलीस. सात घरांना तर काही कळलंच नव्हतं. हे सांगायला मला वीस वर्षं मिळाली होती.

आणि काकूंनाही वाटतंय की वीसही घरांना त्या नकोशा झाल्या आहेत. उद्या सकाळी जाऊन खरं काय ते सांगावं म्हणते. गेले पंधरा दिवस हेच म्हणते आहे.